पंधरा मीटरचा बांबू

३ डिसेंबर
वनविभागाच्या क्रीडा स्पर्धेत माझं नाव गेलं. पन्नास मीटर पोहणे, पंचेचाळीसच्या वरचा गट. दुसऱ्या कुणी नाव दिलंच नाही म्हणून गेलं, असं डेपोतले म्हणतात. जळतात. स्पर्धा ८ फेब्रुवारीला चंद्रपूरला. दिव्यानी तिथंच कॉलेजात आहे, मैत्रिणींना घेऊन येणार म्हणते. पोरीने बापाला आजवर सागाचे लठ्ठे मोजतानाच पाहिलंय. आता बघू दे.

४ डिसेंबर, सकाळी सहा
व्हिडिओ पाहिला. सगळी कमाल डॉल्फिन किकची. पाण्याखाली राहायचं, पाय जोडायचे, कमरेपासून लाट काढायची. पंधरा मीटरपर्यंत नियमात बसतं. तलावात पंधरा मीटर मोजून दोन बांबू ठोकले. बावीस वर्षं डेपोत मोजमाप करतोय, परत टेप लावायची गरज नाही.
आज अर्ध्यातच वर आलो. सात मीटर. पाणी फार गार.

९ डिसेंबर
कंबर धरली. बायको रिना म्हणाली, या वयात काऊन कंबर मोडून घेऊन राह्यले? शेक घेतला.

१९ डिसेंबर
उद्यापासून रोज.

२ जानेवारी
उद्यापासून नक्की रोज.

५ जानेवारी
तलावात मासे धरणारा मुखरूभाऊ भेटला. म्हणाला, तिकडचं पाणी हटून राह्यलं बाबूजी, जाळं कुठी बांधू? तुमच्या पल्याडच्या बांबूले बांधू का? म्हटलं, बांध. खेळाडूचं मन मोठं असावं.

११ जानेवारी
बांबूला फक्त दोन हात कमी पडलो! महिनाभराच्या विश्रांतीने अंगात काहीतरी मुरलं असणार.

१६ जानेवारी
पंधरा! डोकं बांबूवर आपटलं. टेंगूळ आलं. मुखरूभाऊ काठावर हसत होता. साध्या माणसाला कौतुक लपवता येत नाही.

२५ जानेवारी
बांबू जवळ वाटायला लागलाय. तयारी झाली की अंतर लहान वाटतंच. आता आठवड्यातून एकदा सराव पुरे. दिव्यानीला फोन केला. सांगितलं, सुरुवातीच्या पंधरा मीटरला बापाच्या पुढे कुणी दिसणार नाही.

८ फेब्रुवारी, बसमध्ये, संध्याकाळी
उडी बरी पडली. नेहमीएवढ्या किक मोजल्या आणि थाटात वर आलो. पंधरा मीटरची खूण अजून लांबच होती. बाकीचे त्याच्याही पुढे. शेवटून पहिला आलो. चंद्रपूरचा टँक चुकीचा मोजलेला असावा.
मैत्रिणी मोबाइल बघत होत्या. दिव्यानीने टॉवेल दिला. म्हणाली, बाबा, तुम्ही लवकर वर आले ते बरं झालं, मले तं भेवच लागला होता. फार वाईट वाटलं. तिच्याकडे बघवेना.

९ फेब्रुवारी, सकाळी
टेप घेऊन तलावावर गेलो. दोन बांबूंच्या मधे सहा मीटर.
मुखरूभाऊला विचारलं. खाली बघत म्हणाला, पाणी हटलं तसा सरकवला बाबूजी. मंग तुम्ही लय खुश दिसले. म्हणून अजून थोडा थोडा सरकवत गेलो.
बांबू जुन्या जागी ठोकला. खरं काय ते एकदा कळू दे म्हणून परत पाण्यात उतरलो. वर आलो तिथपर्यंत मुखरूभाऊने टेप धरला.
साडेसहा.
पहिल्या दिवशी सात होते.