उखळीचा सांधा

माय, तू चुलीपुढे उजवा पाय लांब सोडून बसायचीस, ते मला हल्ली सारखं दिसून राहिलं आहे. भाताचा गंज उतरवायचा असला तरी तू अख्खं अंग वाकवायचीस, पण तो पाय मोडत नव्हतीस. मला ती तुझी बसायची ढब वाटायची. सहावीत होते तेव्हा मी शेजारी बसून विज्ञान मोठ्यानं पाठ करायचे. कोपर, गुडघा म्हणजे बिजागरीचा सांधा, दारासारखा एकाच बाजूला उघडतो. मनगटाची हाडं एकमेकांवर सरकतात, मान खिळीवर फिरते, कवटीची हाडं जागची हलत नाहीत. आणि खांदा नि खुबा म्हणजे उखळीचे सांधे, चहूकडे फिरणारे. तू मध्येच विचारलंस, "अन् उखळी झिजली तं?" मी म्हटलं, ते पुस्तकात नाही.

त्याच संध्याकाळी मीही नकळत तुझ्यासारखाच पाय लांब केला. तू हातातला सराटा टाकलास. "काऊन असी बसून राहिली? मोड तो पाय. मोडून दाखव मले." मी मुकाट मांडी घातली, तरी तू पुन्हा पाय सोडायला लावलास, पुन्हा मोडायला लावलास. मला असा राग आला होता तुझा! मामा असाच पाय लांब करून बसायचा आणि लग्नाआधीच गेला, हे मला मावशीनं फार नंतर सांगितलं. तोवर तूही पस्तिशीतच गेली होतीस. ताप, छातीत कळा, आणि गोंदियाच्या दवाखान्यात सिकलसेल हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला, तो तू डोळे मिटल्यावर.

आता तोच धडा मी शाळेत शिकवते. तुझी नात माझ्याच वर्गात आहे, सहावीला. वर्गात तिला 'मॅडम' म्हणावं लागतं, त्याचा सूड घरी आल्यावर उगवते बया. अर्धा दोष माझ्या रक्तातून, अर्धा ह्यांच्या, तिच्यात तो आजार पुरता निघाला, हे ती रांगत होती तेव्हापासून माहीत आहे. गोळ्या चालू आहेत, दोनदा रक्तही चढवून झालं. पण पोर धावत होती, म्हणून मी जीव मुठीत धरून का होईना, हसत होते. परवा वर्गात मी म्हणते, हात गोल फिरवा. सगळे फिरवतात, शेजाऱ्याला लागतो, खिदळतात. मग म्हणते, आता मांडी घाला, खुबा कसा वळतो ते बघा. पोरं खाली बसतात. तिचा उजवा पाय लांबच राहतो. मला 'मोड' म्हणवत नाही. ती हळूच म्हणते, "मॅडम, दुखते."

काल डॉक्टरांनी तिला उताणी झोपवून गुडघा छातीकडे नेला आणि बाहेर वळवला. अर्ध्यातच थांबला. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. ते म्हणाले, खुब्याच्या हाडाला रक्त पोचेनासं झालंय, फोटो काढू, लवकर आणलं हे बरं झालं. मी मान हलवत राहिले, डोक्यात काही शिरलं नाही. पायाचीच भीती धरावी की जिवाचीही, ते विचारायची हिंमत झाली नाही. भेव वाटते, माय. रात्री ती कूस बदलते तरी मी उठून बसते. तुलाही त्या संध्याकाळी असंच झालं होतं ना? आणि मी तोंड फुगवून बसले होते.

हे तुला पोचायचं नाही, म्हणूनच लिहिते. काल ऑटोत तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवून विचारलं, "मम्मी, आजी कशानं गेली?"

मी म्हटलं, म्हातारी झाली होती.

तू आज माझ्याहून लहान आहेस, माय.