बसून झोपताना

३ डिसें., मंगळवार
शहापूरला डॉ.कडे. हृदयाचं पंपिंग अजून कमीच. आडवं झालं की दम कोंडतो, म्हणून आता कायम टेकूनच झोपायचं. पाठीशी तीन उश्या. लघवीची दुसरी गोळी रात्री नको, दु. दोनला. चारनंतर चहा बंद. आणि दुपारी अर्ध्या तासाच्या वर झोप नाही. तुम्ही दुपारी झोपता म्हणून रात्री जाग्या राहता, म्हणाले. मी म्हणणार होते, रात्री जागी राहते म्हणून दुपारी झोपते. पण म्हटलं नाही.
येताना एसटीत डोळा लागला. शेणव्याला, उतरायच्या ठिकाणी, कंडक्टरने उठवलं. म्हणजे बसून झोप येते तर.

५ डिसें.
दोन रात्री बसून. मान आखडली. खोकला. हे चारदा उठले, पाणी दिलं, पाठ चोळली. पहाटे पुन्हा भातसानगर, धरणावर फर्स्ट शिफ्ट. लाल डोळे घेऊन गाडीवर बसले. संध्याकाळी मीच म्हटलं, तुमी ओटीवर झोपत जा. वाटलं, नाय म्हणतील.
"बरं," म्हणाले. चादर, घोंगडी उचलून गेले.
अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. बाळंतपणं सोडून.
मीच सांगितलं होतं ना. मग आता…

९ डिसें.
गोळीची वेळ बदलली ते बरं. रात्री मी दोनदाच उठले.
पण दुपार. आळीत चिटपाखरू नाही, सगळे भाताच्या झोडणीला खळ्यावर. अंगणवाडीतून माझी रजा, तरी पलीकडून तिथल्या पोरांचा आवाज येतो. नवी बाई गाणं भलत्याच चालीत घेते. दीड ते चार जागं राहायचं. तांदूळ निवडले. निवडलेलेच परत निवडले. पुण्याला लेकीला फोन लावला, मीटिंगमध्ये होती. मागून मेसेज आला, "आई, रेस्ट घे." तेवढंच तर करायचं नाही.
भिंतीला डोकं टेकलं आणि गेले झोपेत. पाचला उठले. पुन्हा रात्र वाया.

१४ डिसें., मुरबाड
ताईकडे, चार दिवस. थोरली बहीण, भावोजी गेल्यापासून घरात एकटीच. त्यांची आरामखुर्ची मला दिली. पाठीमागे उशी, पायांखाली पाट. सलग पाच तास झोप! किती महिन्यांनी. ताई दुपारी झोपू देत नाही, समोर बसून बोलत राहते. चारला स्टँडपर्यंत चालवत नेते, परत आणते. तिलाही कुणीतरी हवंच होतं.
सकाळी जाग आली तर कसंतरीच झालं. मग कळलं, ओटीवरून येणारं यांचं घोरणं नाही. जन्मभर नावं ठेवली त्याला.
ताई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "इथंच राहा गो. त्याला पण झोप भेटेल."
राग आला. खरं होतं म्हणूनच बहुतेक.

१८ डिसें.
घरी. ताईने खुर्ची जीपच्या टपावर बांधून दिली. यांना विचारलं, झोपलात ना नीट. "हो. चार दिवस चांगली लागली." थोडं खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं.
उश्या उन्हात टाकायला उचलल्या, तर खाली यांची तंबाखूची डबी. म्हणजे मी नव्हते तेव्हा हे आत झोपत होते, माझ्या जागेवर. मी यायच्या दिवशी अंथरूण परत ओटीवर.
मी नसले की आत, असले की बाहेर.
विचारलं नाही.

२२ डिसें., रविवार
यांना सुट्टी. जेवणं झाली, हे ओटीवर विळ्याला धार लावत बसले. मी खुर्ची तिथंच ओढली. आणि विचारून टाकलं, डबीचं सांगून. कंटाळा आला असेल तर सांगा, म्हटलं, मी ताईकडे जाते.
विळा पुन्हा दगडावर घासू लागले. मग खाली बघूनच म्हणाले, "आत झोपलो की तुझा श्वास मोजत बसतो मी. मधी थांबतो, मग परत येतो. तो थांबला ना, की मला नाय सहन होत."
धार अंगठ्यावर बघून परत, "सकाळी हात लावला नि तू गार लागलीस तर… तीच भीती वाटते गो."
रडू यायला हवं होतं. आलं नाही. इतके दिवस मी भलतंच धरून बसले होते.
म्हणाले, "रात्री काय वाटलं तर हाक मार. मी जागाच असतो."
"आणि हाक मारता नाय आली तर?"
विळा बाजूला ठेवला. उठून, ओटीवरची घोंगडी काखेत घेऊन आतल्या खोलीत गेले.
आता पाच वाजलेत. हे अजून आतच आहेत. काय करतात कळत नाही. मीही अजून आत गेलेले नाही.