बाबांची मान

प्रिय ठकूस,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण मी फोन हातात घेतला की तुझे बाबा शेजारी येऊन उभे राहतात आणि आपलं लक्षच नाही असं दाखवत छताकडे बघतात. ते छताकडे बघू शकतात, हीच तर बातमी आहे. पण क्रमाने सांगते.

ती सकाळ तू विसरली नाहीस, ठाऊक आहे मला. आखडलेली मान घेऊन, मॅडमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात तुझे पहिले पेशंट म्हणून बाबा ऐटीत निघाले होते. ज्या सुईत औषधच नाही तिला काय घाबरायचं, असं वाटभर मलाच ऐकवत होते. मग तू खांद्यात ती केसाएवढी सुई घातलीस, आतला स्नायू टुणकन उडाला आणि या गृहस्थांनी अशी बोंब ठोकली की बाहेर बसलेले पेशंट चपला शोधायला लागले. पोरीने करंट सोडला म्हणे! तुझ्या मॅडम परोपरीने सांगत होत्या की सुई नेमकी आखडलेल्या स्नायूच्या गाठीत लागली की तो असा उडतोच, चांगली खूण आहे ती. तू कुठली ऐकतेस! बाबांना इजा केली म्हणून रडलीस, ॲप्रन काढून ठेवलास आणि मैत्रिणीच्या ऑफिसात फायली लावायला निघून गेलीस. आता तीच नोकरी कायमची धरणार, असं परवा म्हणालीस.

इकडे बाबांचे हाल बघवत नव्हते. दिवसभर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकाऊ लोकांवर मागे वळून बघा म्हणून खेकसायचं आणि स्वतःला मागे बघायचं तर कपाट सरकवावं तसं अख्खं वळायचं, हे तुझ्या डोळ्यांदेखतचंच. तू गेल्यावरही तेच चालू होतं, वर कण्हणं वाढलं. मी शेक दिला, माझी मऊ उशी दिली. मंगळवारी बाजारात जायला म्हणून त्यांच्या गाडीत मागे बसले. गाडी गल्लीतून मागे घ्यायची होती. बाबांनी मान वळवली. नुसती मान, गं! थेट माझ्याकडे बघितलं. मग हळूच मान जागेवर नेली आणि कण्हले.

बाजार राहिला बाजूला. तुझ्या सुईनंतर दोन-तीन दिवसांतच मान मोकळी झाली होती, हे कबूल करायला लावलं. एवढी बोंब मारल्यावर बरं वाटतंय असं कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून हे सोंग. पोर तिकडे स्वतःला दोष देत बसली आणि हे माझ्या उशीवर घोरत होते! इतकी चिडले की काय काय बोलले ते मला आठवत नाही. शेजारच्या काकूंना सगळं पाठ आहे.

आता पत्राचं कारण. सोंगापायी मान ताठ धरून धरून त्यांचा दुसरा खांदा खरोखरच आखडला आहे. मॅडम लगेच या म्हणाल्या, पण बाबा अडून बसलेत. सुई घेईन तर माझ्या मुलीच्याच हातची, नाहीतर राहू दे तसाच. हे त्यांनी मॅडमना सांगितलं, भरल्या दवाखान्यात, सगळ्यांसमोर. तुझा ॲप्रन अजून खुंटीवरच आहे. ऑफिसला होकार कळवण्याआधी शनिवारी एकदा ये. तुझा हात चुकला नव्हता, ठकू. बाबा ओरडतील, त्याला इलाज नाही. बाहेरच्या पेशंटांना मी आधीच सांगून ठेवते.

तुझीच,
उशी परत घेतलेली आई