तिसऱ्या दगडाखालचा मुकादम

रवि., १२ ऑक्टो.

हवा जरा उतरली. पहाटे साडेचारला डिस्कव्हरी गार्डन्सहून निघालो, साडेपाचला उम्म अल कुवैनच्या समुद्रातल्या दगडी बांधावर. दादाचा रॉड, दादाचा डबा. मासेमारीचं लायसन्स गेल्या आठवड्यात ॲपवर काढलं. फोटोत मी घाबरलेला दिसतो.

इस्माईलभाई आधीच येऊन बसलेले. रत्नागिरीकडचे, इथे आखातात गॅरेज आहे. दादाबरोबर पंधरा वर्षं इथेच बसायचे. मला दगड मोजून दाखवले. दिव्याच्या खांबापासून तिसरा मोठा दगड, त्याखाली बीळ, बिळात मुकादम. म्हणजे तो मोठा हमूर, आपल्याकडचा हेकरू मासा. नाव दादानं ठेवलेलं. काम काही करत नाही आणि प्रत्येकाच्या गळावरचा आपला हिस्सा काढून घेतो, म्हणून. दादाच्या गळाला दोनदा लागला, दोनदा सुटला.

आज माझं आमिष तीनदा साफ. गळ धुतल्यासारखा चकचकीत.

"हजेरी लागली तुझी," इ.भाई म्हणाले.

वर्षश्राद्धाला तीन महिने.

मंगळ., १४ ऑक्टो.

एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यात फिरणार नाही.

फेब्रुवारी, गावी, दादाचा दहावा. पिंड ठेवले. कावळे समोर माडावर, पण एकही खाली उतरेना. थोरले काका म्हणाले, सूनबाईला अंतर देणार नाही. नाही. लेकीचं, सईचं शिक्षण पुरं करू. नाही. आईला सांभाळू. नाही. दीड तास झाला. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. मी सगळ्यात मागे उभा होतो. आणि माझ्या तोंडून मोठ्यानं गेलं, "दादा, तुझा मुकादम मी काढीन."

कावळा आला. सरळ, मधल्या पिंडावर.

काकांनी हळूच विचारलं, "कामावर कोणाशी भांडण होतं का त्याचं?"

मी आयुष्यात मासा पकडलेला नाही. ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. ड्रॉइंगवर शिक्का मारून योग्य फाइलला लावणं, एवढंच येतं. तेच का बोललो ते मला माहीत आहे. जानेवारीतल्या त्या शनिवारी दादाचा फोन होता. "उद्या ये रे, भरती चांगली आहे. मुकादमाला काढू." मी म्हणालो, सबमिशन आहे. सोमवारी तो वर्कशॉपमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या गेला.

सबमिशन नंतर पुढे ढकललं गेलं.

रवि., २६ ऑक्टो.

काही नाही. एक्सेल शीट केली आहे: भरतीची वेळ, वारा, पाणी गढूळ की स्वच्छ, आमिष कोळंबी की माकूल. इ.भाईंना फोनवर दाखवली. चष्मा वर करून बराच वेळ बघितली.

"ह्यात नशिबाचा कॉलम कुठाय?"

दादा आणि त्यांचा हाच वाद, पंधरा वर्षं. दादा म्हणायचा, सगळं हाताचं काम. वेळ, जागा, दोरीची ओढ. इ.भाई म्हणतात सगळं नशीब. "तुझा भाऊ मास्टर होता. माशानं दुसरीकडे जायचं ठरवलं तर मास्टर काय करणार? खलास."

त्यांना कावळ्याचं सांगितलं.

"भूक लागली असेल त्याला."

"मग दीड तास का नाही आला?"

"ते पण नशीबच."

संध्याकाळी आईचा फोन. रविवारी असतोच. पहिला प्रश्न, "गावलो काय रे मुकादम?" सांगितलं, नाही. मग किती वाजता गेलो, वारा कसा होता, इस्माईल काय म्हणाला, सगळं विचारून घेतलं. मनात म्हटलं, ही श्राद्धापर्यंतचे दिवस मोजते आहे.

रवि., ९ नोव्हें.

एक हमूर लागला! वीतभर. मापापेक्षा लहान, सोडून द्यावा लागला. सोडताना हाताला काटा लागला. इ.भाई म्हणाले, मुकादमाचा नातू असणार, आता घरी जाऊन सांगेल.

हसलो. बऱ्याच दिवसांनी असेल.

शनि., २२ नोव्हें.

मासळी बाजारात गेलो होतो. बर्फावर एक हमूर, पाच किलोच्या वर, डोळे स्वच्छ. हा उचलून बांधावर नेला, फोटो काढून आईला पाठवला, तर संपलं. कोणालाही कळणार नाही. त्याच्यासमोर किती वेळ उभा होतो कोण जाणे.

"भाई, लेना है या देखने आए हो?"

चार बांगडे घेऊन घरी आलो. एकट्यापुरता भात लावला.

कावळ्याला कळलं असतं, असं मनात आलं. ह्या वयात.

मंगळ., २ डिसें.

सुट्टी. बांधावर जत्रा, बसायला जागा नाही. वहिनीकडे जेवलो. सोलकढी दादाला लागायची तशीच, आंबट. सई मोठी दिसायला लागली आहे. म्हणाली, "काका, यू नो इट्स जस्ट अ फिश, राइट?"

"सई," वहिनी म्हणाली. मग मला, "पण खरंच भाऊजी. त्या दिवशी बोललात ते आम्ही कोणी धरून बसलो नाही."

तुम्ही नाही हो. मी धरून बसलोय. हे बोललो नाही.

निघताना दारात म्हणाली, "मला एकदा दाखवाल तो दगड? पंधरा वर्षांत एकदाही गेले नाही. रागानं. प्रत्येक सुट्टीचा दिवस तिथे घालवायचे."

रवि., २१ डिसें.

आज लागला आणि गेला.

६.५०. भरती, पाणी स्वच्छ, माकूल. शीटप्रमाणे सगळं बरोबर. रॉड एकदम खाली. एवढी ओढ असते हे माहीत नव्हतं, खांद्यातून कळ गेली. दोन सेकंद. मग दगडासारखं घट्ट. बिळात शिरला. मी ओढलं. आणखी ओढलं. फट्.

दोरीचं टोक हातात, खरखरीत झालेलं. दगडावर घासून तुटली.

इ.भाईंनी ते टोक हातात घेऊन बघितलं. मग म्हणाले, "आत गेला की ओढायचं नाही. दोरी सैल सोडायची आणि बसायचं. त्याला वाटतं सुटलो, मग तो आपण होऊन बाहेर येतो. हे मला तुझ्या दादानंच शिकवलं."

"मग तो दोनदा कसा हरला?"

"ओढलं ना! दुसऱ्यांना शिकवायचा, सैल सोड, सैल सोड. स्वतःचा लागला की दोन्ही हातांनी ओढायचा. मुकादमाला शिव्या घालत."

मला दादा तसाच दिसला. पाय रोवून, लाल झालेला.

मग विचारलं. दहा महिने विचारलं नव्हतं. त्या शेवटच्या रविवारी तो कसा होता?

"मस्त. एक मासा नाही मिळाला, पण मस्त. तुझ्यासाठी वडापाव आणला होता. तू येत नाहीस कळल्यावर म्हणाला, जाऊ दे, तो फाइलीत सुखी आहे. आणि तुझा वडापाव पण त्यानंच खाल्ला."

"रागावला होता?"

"वडापाव खाताना कोण रागावतं?"

गाडीत बसून राहिलो, एसी लावून. मग घरी आलो. दुपारी चक्क झोप लागली, फोन वाजला तेव्हा साडेपाच. आईला सगळं सांगितलं, वडापावसकट. आई खूप हसली. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

रवि., ४ जाने.

काही नाही. वारा. श्राद्ध शुक्रवारी १६ ला. त्याआधी एकच रविवार उरला.

रवि., ११ जाने.

मिळाला.

नीट लिहितो. वहिनीला घेऊन गेलो, त्यामुळे उशीर. ती थर्मास, खुर्ची, स्वेटर घेऊन निघाली. पोचलो तेव्हा साडेआठ, ओहोटी लागलेली, पाणी गढूळ. शीटप्रमाणे आज घरी बसायचा दिवस. माकूल संपलेली, कालची कोळंबी लावली. रॉड दगडात अडकवून ठेवला आणि वहिनीला दगड मोजून दाखवत होतो. एक, दोन, हा तिसरा.

"एवढासाच?" ती म्हणाली. "मला वाटलं, डोंगर असेल."

तेवढ्यात रॉड वाकला. मी पकडेपर्यंत मासा बिळात.

इ.भाई ओरडायला लागले, "यल्ला, ओढ! ओढ!" परवा सैल सोड म्हणणारे हेच. मी ओढलं नाही. रीळ मोकळं केलं, दोरी पाण्यावर लोळू दिली आणि बसलो.

"काय झालं? गेला?" वहिनी.

"नाही. बसायचं."

"किती वेळ?"

"माहीत नाही."

तिनं चहा ओतला. तिघं बसलो. बसणं मला जमतं, आयुष्यभर तेच केलं. इ.भाई तीनदा उठले, तीनदा बसले. वहिनी सांगत होती, दादाच्या कपड्यांना इथला वास यायचा, ती वेगळे धुवायची; आता एक शर्ट न धुता ठेवला आहे. चहा संपला. पंचवीस मिनिटं झाली असतील. दोरी हलली. आधी थोडी, मग एका बाजूला चालायलाच लागली. तेव्हा ओढलं.

वर काढायला इ.भाईंचं जाळं लागलं, आणि माझ्या ढोपराचं साल गेलं. हातकाट्यावर सहा किलो दोनशे. तपकिरी ठिपके, हे एवढं तोंड. वहिनीनं पदर खोचून शेपटी धरली होती, ती सोडेचना.

इ.भाई म्हणाले, "बघ. चुकीची वेळ, शिळी कोळंबी, रॉडला हात पण नाही. नशीब!"

वहिनी म्हणाली, "आणि भाऊजी पंचवीस मिनिटं बसले, ते?"

ह्यावर त्यांनी दाढी खाजवली.

मग मी माशाचं तोंड उघडून आत बोट फिरवून बघितलं. मागच्या महिन्यातला माझा गळ आत नव्हता. ओठावर जुनी खूणही नाही. "गळ पडून जातो कधी कधी," इ.भाई म्हणाले. मग, "मुकादमच आहे. असणार." गाडीपर्यंत हे चारदा म्हणाले.

आईला फोन केला. म्हटलं, काढला. वजन, वारा, काही न विचारता तिनं एकदम म्हटलं,

"मगे आता रविवारी जाणार नाय तू?"

"म्हणजे?"

"अरे, कावळो शिवलो तेव्हाच सगळा झाला. माका माशाचा काय पडला हा? पण तू माशाचा सांगतस तेव्हा धा-धा मिन्टां बोलतस. नायतर तुझा आपला, बरो आसंय, जेवलंय, ठेवतंय."

आणि मी वर्षभर समजत होतो, ही दिवस मोजते आहे.

अंग हलकं झालं आहे. ढोपर दुखतं.

शुक्र., १६ जाने.

श्राद्ध झालं. भटजी गावाहून व्हिडिओ कॉलवर, मधेच अडकायचे, सई म्हणायची, "ही इज बफरिंग." फोन तिनंच धरला होता शेवटपर्यंत.

वहिनीनं गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं. शेजारी वेगळ्या कागदावर तळलेल्या हमुराचा तुकडा. भटजींना तो दाखवला नाही. कोणी काही कबूल करायच्या आत कावळा आला. भाताकडे बघितलंही नाही, तुकडा उचलून पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला.

वहिनी म्हणाली, "ह्यांच्यासारखाच. भात शेवटी."

रवि., २५ जाने.

गेलो. कशाला, ते माहीत नाही. जाग आली साडेतीनला.

भरती, पाणी स्वच्छ, ताजी माकूल. तिसऱ्या दगडाशी टाकलं. दोन मिनिटांत एक बारीकसा धक्का, जुन्या ओळखीचा. वर काढलं. गळ धुतल्यासारखा चकचकीत.

इ.भाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

परत लावलं. परत साफ.

"ड्युटीवर हजर आहे," ते म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले.

म्हणजे तो नव्हता. किंवा तो होता, आणि बीळ लगेच दुसऱ्यानं घेतलं. इ.भाई म्हणतात असंही होतं. कळायला मार्ग नाही. दादाला जे कबूल केलं ते झालं की राहिलं, तेही नाही. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तिथूनच आईला फोन लावला. सकाळी सात, रविवारची वेळ नव्हे, ती घाबरली.

"आई, बहुतेक तो नव्हता."

"अरे द्येवा. मगे?"

मी रॉड खांद्याला टेकवून दगडावर बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.