हिरवळीतलं मीठ

बाबा, गेल्या शनिवारी हिरवळीवर गुडघे टेकून बसलो होतो, तेव्हा तुमची फार आठवण आली. इथे जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला घरामागे हातरुमालाएवढी हिरवळ आहे. या उन्हाळ्यात तिच्यावर तपकिरी डाग पडायला लागले, दर आठवड्याला एक नवा. लहानपणी जिमखान्याच्या मैदानावर असाच डाग पाहून मी थेट पाइप सोडला होता. तुम्ही कान पिळलात. "माळ्याचा पोरगा ना तू? आधी ओढून बघ, मग ठरव." ओढलं, तर गवत चटईसारखं हातात आलं, खाली पांढरी हुमणी वळवळत होती, मुळं खाऊन फुगलेली. एवढं कळणाऱ्या माणसाने स्वतःचा खोकला मात्र शेवटपर्यंत कुणाला दाखवला नाही. तो राग अजून गेलेला नाही माझा.

तर इथेही मी आधी ओढून पाहतो. गवत सुटत नाही, मुळं शाबूत आहेत. हुमणी नाही, बुरशी नाही. मातीवर पांढरे खडे आहेत आणि चार मोहऱ्या. लेक शेजारी उकिडवी बसते, बोट लावून चाटते. "झाल्त्स, पापा." मीही चाटून पाहिलं. मीठच होतं. मोहऱ्या मुठीत घेऊन उठलो.

आत बायको पोळ्या लाटत होती. तिच्यापुढे मूठ उघडली. तिने मान वर केली नाही. "दर शनिवारी तुझी दृष्ट काढते, तू संध्याकाळी सोफ्यावर झोपलास की. इथे शेगडीला जाळ कुठाय? तव्यावर जाळलं तर धुराने छतावरचा राउखमेल्डर बोंबलतो. मग बाहेर टाकते."

"पण कशाला?"

"पट्टा किती भोकं आत गेलाय ते बघ. आणि नळ सोडून खोकलास तरी ऐकू येतं मला."

हवा बदलली की होतं, म्हणालो. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला फुप्फुसाच्या डॉक्टरांसाठी दिलेली चिठ्ठी तीन आठवडे लॅपटॉपच्या बॅगेत पडून आहे.

हिरवळीचं तुमच्या पद्धतीने केलं. मेलेलं गवत खरवडलं, भरपूर पाणी देऊन मीठ खाली जिरवलं, नवं बी पेरलं. मिठासाठी हिने आता दाराशी बादली ठेवली आहे.

आज पुन्हा शनिवार. थोड्या वेळाने मी सोफ्यावर पडेन. गेल्या वेळी झोप लागलीच नव्हती, बाबा. आजही डोळे मिटून झोपेचं सोंग घेणार आहे, हिचं ओवाळून होईपर्यंत.