गोठ्यातली फळी

खराबवाडी, चाकण
सोमवार, २५ ऑगस्ट २०२५

ज्योतीरामभाऊ यांस नमस्कार.

आज पहिली शिफ्ट केली. साडेतीनला सुटलो, खोलीवर येऊन पाणी भरलं. इथे पाऊस थांबून थांबून चालू आहे. तुमचं सोयाबीन कसं आहे? कालपासून तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहितोय.

काल आईंचा फोन आला. तुमची धाकटी बहीण स्वरूपा तीन दिवस नीट जेवलेली नाही. "मला ताईकडं जायचंय" म्हणते. तुम्ही म्हणे त्याला नाटक म्हणालात.

गेल्या आठवड्यात मी फवारणीच्या बाटल्या घरातून हलवा म्हटलं, तर तुम्ही हसलात. "पाव्हणं, शेतकऱ्याच्या घरात औषध नसंल तर काय अत्तर असंल?" मग म्हणालात, "रुपालीनं ठरवलंच हुतं. माहेरातनं बाटली लपवून नेली. जायचं ठरवलेल्याला कोण अडवणार?"

ते खरं नाही.

बाटली रुपालीनं नेली नव्हती. मी नेली. चैत्रात तुमच्याकडे आलो होतो तेव्हा गोठ्यातल्या फळीवरून उचलली. खोलीत ढेकूण झाले होते. इथे गावाकडून आलेले बरेच जण असंच करतात. उरलेली मोरीवरच्या कोनाड्यात ठेवली आणि विसरलो. स्मशानात तुम्ही चारचौघांत तिला बोल लावलात, तेव्हा मी मान खाली घालून उभा होतो.

तिनं काही ठरवलं नव्हतं. पंचमीला माहेरी यायचं म्हणून बॅग भरून बसली होती. मी ओव्हरटाइम घेतला. ती म्हणाली, "म्हणजे यंदाही नाही?" मी म्हणालो, "जा की एकटी, कुणी धरलंय?" आणि पाठ फिरवून झोपलो.

दहा मिनिटांचा राग होता, भाऊ. दवाखान्यात दोन दिवस माझा हात धरून म्हणत होती, "चुकलं माझं. मला वाचवा."

तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, त्या घडीला हाताशी काही नसलं तर पुष्कळ माणसं त्यातून निघतात आणि पुढे जगतात. हे मला कोनाडा रिकामा झाल्यावर कळलं.

तुमची फळी अजून भरलेली आहे. सगळ्या बाटल्या हिंदुरावांच्या खत-औषधांच्या दुकानात नेऊन कुलपात ठेवा. लागेल तेव्हा लागेल तेवढंच आणा. स्वरूपाला एकटं ठेवू नका. तिला रागावू नका, काय वाटतंय ते विचारा आणि डॉक्टरकडे न्या. बाईंनी १४४१६ हा सरकारी नंबर दिलाय. कधीही लावा, मराठीत बोलतात.

शनिवारी मी येतोय. काय बोलायचं, काय मारायचं ते तेव्हा. हे पत्र हातात पडलं की आधी गोठ्यात जा.

लातूरची ट्रॅव्हल्स सात वाजता थांब्यावर येते. ड्रायव्हरच्या हाती द्यायला निघतो. पाकिटाला लावायला डिंक सापडला नाही, भाताची शितं लावून चिकटवतोय.

तुमच्या बहिणीचा नवरा,
गणराज