काडतुसं भरायचा प्रेस

८ जानेवारी
गराजमधलं प्रेसचं टेबल भिंतीला बोल्ट केलं. आता दांडा ओढला तरी हलत नाही. मिलिंद पायरीवर बसून बघत होता. नेहमीसारखं ‘सरक, मी करतो’ म्हणाला नाही.
डेव्हचा फोन आला. मिलिंदचा क्लबातला नेमबाजीचा जोडीदार. शनिवारी रेंजवर येतोय का, म्हणून विचारत होता. त्याला सर्दी झालीय, मी म्हटलं. मिलिंदच्या पार्किन्सन्सचं अजून कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीला, केतकीलासुद्धा नाही.

११ जाने.
वापरलेली काडतुसं घरी आणून परत भरायची, हा याचा छंद ग्रीन कार्ड आल्यापासूनचा. परवापर्यंत मी कधी त्या कोपऱ्यात गेले नव्हते. मशीन डिझाइन शिकले ते नागपूरलाच राहिलं. इथे डिपेंडंट व्हिसा, मग केतकी, मग असंच.
आज नीट बघितलं. साधं यंत्र आहे. दांडा खाली ओढला की पितळी नळी वर जाते, तिच्या तोंडात गोळी बसते. याचा हात मधेच थरथरतो, गोळी तिरकी बसते. दांडा लांब हवा. मूठ जाड.
दोडका खारट झाला. तसाच खाल्ला.

१९ जाने.
नवा दांडा बसवला. मुठीला सायकलची ग्रिप. दोन्ही हातांनी ओढता येतं आता. भरलेली काडतुसं कॅलिपरने मोजली. सगळ्यांची लांबी जवळजवळ सारखी.
म्हणाला, “हात धड होते तेव्हासुद्धा एवढी सारखी येत नव्हती.”
“छान,” म्हटलं. आत येऊन कुकर लावला. आनंद व्हायला हवा होता बहुतेक.

२४ जाने.
बंदुकीची दारू मोजायचा काटा. हीटरच्या हवेनं आकडा हलत राहतो. अ‍ॅक्रिलिकची पेटी केली, पुढे छोटं दार. मोजून ओतायचं काम माझं, दांडा त्याचा. हीटर बंद करून, स्वेटर घालून बसलो. बरं वाटतं म्हणणार होते, पण तसंही नाही. काही वाटत नाही, एवढंच.

२ फेब्रु.
न्यूरॉलॉजिस्टकडे. गोळ्या वाढवल्या. मग डॉक्टरबाईंनी विचारलं, घरी बंदूक आहे का?
मिलिंद म्हणाला, “एक रायफल. तिजोरीत असते.”
“कोड कुणाकडे?”
“माझ्याकडे.”
हा आजार मनालाही धरतो, म्हणाल्या. कोड मिसेसकडे असलेला बरा. सगळ्यांनाच सांगते मी.
गाडी मी चालवली. फोर-ओ-फाइव्ह हायवे तुंबलेला. तो खिडकीबाहेर बघत होता. घरी आल्यावर स्वतःच म्हणाला, “बदलून टाक.” बदलला. तेवढा वेळ तो पाठ फिरवून उभा राहिला, एटीएमच्या रांगेत राहतात तसा.

३ फेब्रु.
केतकीला फ्रीमाँटला फोन केला. सगळं सांगितलं. लेक रडली. मग चिडली.
“देन व्हाय आर यू स्टिल हेल्पिंग हिम मेक बुलेट्स, आई?”
“तेवढा वेळ तो नीट असतो गं.”
बोलून गेले, मग कळलं की खरंच तसं आहे. रायफल डेव्हअंकलना देऊन टाक म्हणते. बघते म्हटलं. मला रडू आलं नाही. कणीक भिजवायची राहिली होती.

१५ फेब्रु.
डेव्ह न सांगताच आला. मिलिंदचा हात बघितला. गराजमध्ये जाऊन दांडा ओढून पाहिला, परत ओढून पाहिला.
“कुणी केलं हे?”
“मीनलने. शी इज अ‍ॅन इंजिनिअर.”
हे त्यानं कुणासमोर म्हटलेलं मला आठवत नाही. मी चहा टाकायला आत आले. आलं किसताना बोट खरचटलं.

२० फेब्रु.
नाश्त्याला मिलिंद म्हणाला, “उद्या डेव्हबरोबर जाईन म्हणतो. रायफल काढून देशील?”
“हात?”
“आडवं पडून मारायचं. रायफलखाली वाळूची पिशवी. जमेल.” मग थांबून, “आणि मीनल, डॉक्टरबाईंना वाटतं तसं काही नाहीये माझ्या डोक्यात.”
“माहितीये,” म्हटलं. माहिती नाहीये. चेहऱ्यावर हल्ली काही दिसतच नाही त्याच्या. तेही आजारामुळेच, असं म्हणतात. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसतं कोण जाणे.
केतकीला कळवलं. तिचा मेसेज : डोन्ट. प्लीज.

२१ फेब्रु.
डेव्ह दहाला येणार. मी तिजोरीपर्यंत जाऊन, ती न उघडताच परत आले. पोहे केले. मिलिंद हॉलमध्ये बुटांच्या लेसशी झगडतोय. मला हाक मारत नाही. मी ओट्याशी उभी राहून हे लिहितेय, आणि बाहेर डेव्हची गाडी लागल्याचा आवाज येतोय.